दोन विद्यापीठे, एक पदवी : निवडीच्या भाषेची चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्यातील जो विद्यार्थी अर्थशास्त्र विषय घेऊन पदवी संपादन करू इच्छितो, त्याच्यापुढे बहुधा दोन विद्यापीठांची नावे येतात. त्याचा जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात मोडतो ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ हे एक. आणि जिल्ह्याच्या सीमेपलीकडील, छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे दुसरे. मलकापूरकडील विद्यार्थ्यास जळगावचे विद्यापीठही जवळ पडते; नागपूर, पुणे व मुंबई ही नावे ज्यांना खर्च झेपतो त्यांच्या घरी घेतली जातात. पण पहिल्या दोघांमधील निवड ही खरी अवघड निवड होय. कारण ही दोन विद्यापीठे एकमेकांसारखी आहेत. भिन्न वस्तूंतून एक निवडणे सोपे असते. सारख्या वस्तूंतून निवडताना मात्र मनुष्य बहुधा शब्दांच्या आधाराने निवडतो, आणि ते शब्द कोणी, कशासाठी योजले आहेत ह्याचा विचार करीत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ मार्गदर्शन-केंद्राचा नसून भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. प्रवेशाच्या काळात विद्यार्थ्यासमोर येणारे लेखन, म्हणजे माहितीपत्रक, अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका, ह्यांची भाषा निवडीस कितपत उपयोगी पडते, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१. सारखेपणा कोठून आला?

आजचा सारखेपणा मुळातला नव्हे. १८५३ पर्यंत वऱ्हाड आणि मराठवाडा हे दोन्ही प्रदेश निजामाच्या राज्यात होते. त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला; मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिला. परिणामी देऊळगाव राजा आणि जालना ही शेजारची गावे शिक्षणाच्या दृष्टीने दोन वेगळ्या जगांत गेली. १९१८ मध्ये हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले व त्याने उर्दू हे अध्यापनाचे माध्यम स्वीकारले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. तेथे आरंभी इंग्रजीचे राज्य होते. म्हणजे सीमेच्या एका बाजूच्या मराठी मुलाने अर्थशास्त्र शिकायचे ते इंग्रजीतून, आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाने उर्दूतून. त्या काळी ह्या दोहोंमध्ये ‘निवड’ असा प्रश्नच नव्हता. गाव कोणत्या अंमलात आहे, त्यावर विद्यापीठ ठरे, आणि विद्यापीठावर ज्ञानाची भाषा ठरे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून अमरावती विद्यापीठ वेगळे निघाले व बुलढाणा जिल्हा त्याच्याकडे आला. १९९४ च्या अधिनियमाने राज्यातील विद्यापीठांचे निरनिराळे कायदे एकत्र केले. त्याची जागा २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने घेतली. प्राधिकरणांची रचना, अभ्यासमंडळे, संलग्नतेचे नियम ही सारी एकाच साच्याची झाली. अलीकडे श्रेयांक-पद्धतीने सत्रे व विषयांची वजनेही जुळत आली आहेत. दोन्ही ठिकाणी कला शाखेतील पदवीचे अध्यापन बहुतांशी मराठीत, संलग्न महाविद्यालयांतून होते. पदवीचे कायदेशीर मोल तर समानच आहे. स्पर्धापरीक्षेच्या अर्जावर एकीला अधिक व दुसरीला उणे गुण मिळत नाहीत.

नावांनीही फारसा उलगडा होत नाही. गाडगे बाबा आणि बाबासाहेब आंबेडकर ह्या दोघांचे देहावसान एकाच महिन्यात, डिसेंबर १९५६ मध्ये झाले, आणि दोघांनीही शिक्षणाचा आग्रह धरला. मराठवाडा विद्यापीठास १९९४ मध्ये ज्यांचे नाव जोडले गेले ते आंबेडकर स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ चा आहे. परंतु त्यावरून त्या विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या अध्यापनाविषयी काही अनुमान काढणे हे तर्कास धरून होणार नाही.

२. भेदक लक्षण कशास म्हणावे?

वर्णविचारात दोन ध्वनी भिन्न आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी लघुतम युग्म शोधतात. ‘काल’ आणि ‘काळ’ ह्या शब्दांत एकाच जागी फरक आहे व त्याने अर्थ पालटतो; म्हणून प्रमाण मराठीत ल आणि ळ हे भेदक ठरतात. उलट, उच्चारात फरक असूनही ज्याने अर्थ पालटत नाही तो फरक भेदक नव्हे. शिवाय भेद हा सुट्या ध्वनीत नसतो, तो व्यवस्थेत असतो. वऱ्हाडीत ‘डोळा’ चा ‘डोया’ होतो; तेथे ळ चे स्थान निराळे आहे, आणि प्रमाणभाषेची विभागणी तिच्यावर जशीच्या तशी लादता येत नाही.

हाच दंडक येथे लावता येतो. दोन विद्यापीठांमधील कोणता फरक विद्यार्थ्याच्या अर्थशास्त्राच्या ज्ञानात फरक पाडतो? प्रवेशद्वाराची कमान पाडत नाही. इमारतींची संख्या पाडत नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेची श्रेणी किंवा २०१६ पासून प्रसिद्ध होणारी राष्ट्रीय क्रमवारी ह्यांचा येथे मोठा आधार घेतला जातो. परंतु परिषदेची श्रेणी समग्र संस्थेला मिळते, आणि क्रमवारीत अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी असे वर्ग असले तरी अर्थशास्त्राचा वेगळा वर्ग नाही. रसायनशास्त्रातील शोधनिबंधांनी वर चढलेला क्रमांक अर्थशास्त्राच्या वर्गात बसलेल्या मुलाला काय सांगणार? हा फरक खरा असेल, पण ह्या प्रश्नापुरता तो भेदक नाही.

३. माहितीपत्रकाची विशेषणे

माहितीपत्रक हा लेखनप्रकार विशेषणांवर उभा असतो. ‘अनुभवी अध्यापकवर्ग’, ‘सुसज्ज ग्रंथालय’, ‘निसर्गरम्य परिसर’, ‘सर्वांगीण विकास’ हे शब्दसमूह कोणत्याही विद्यापीठाच्या वा महाविद्यालयाच्या पत्रकात नाव बदलून चालू शकतात. ज्या विशेषणाचा विरुद्धार्थी शब्द कोणी कधीही छापणार नाही, ते विशेषण माहिती देत नाही. ‘अननुभवी अध्यापकवर्ग’ असे छापणारी संस्था नाही. म्हणून ‘अनुभवी’ ह्या शब्दाचे माहितीमूल्य जवळजवळ शून्य आहे. ह्याउलट ‘अर्थशास्त्र विभागात मंजूर पदे इतकी, भरलेली इतकी’ हे वाक्य रूक्ष असले तरी भेदक आहे, कारण त्यातील अंक निराळा असू शकतो. पत्रकातील विशेषणे खोडावीत व जे उरते ते वाचावे, हा साधा नियम विद्यार्थ्यास पुष्कळ उपयोगी पडेल. पुष्कळदा फारसे काही उरत नाही. पण तेही एक उत्तरच आहे.

४. अभ्यासक्रमातील संज्ञा

अभ्यासक्रमात विशेषणे कमी व संज्ञा अधिक असतात. म्हणून तो अधिक प्रामाणिक वाटतो. परंतु मराठी अर्थशास्त्रातील संज्ञांचा प्रश्न सुटलेला नाही. भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश, नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने काढलेले पाठ्यग्रंथ, मराठी अर्थशास्त्र परिषदेचे कार्य हे सारे प्रयत्न मोलाचे आहेत. तरीही एकच कल्पना एका पुस्तकात ‘संधी-खर्च’ तर दुसऱ्यात ‘वैकल्पिक खर्च’ म्हणून येते, आणि विद्यार्थी ह्या दोन कल्पना आहेत असे समजून दोन्ही पाठ करतो.

याहून गंभीर प्रकार व्यवहारातील शब्दांचा आहे. ‘उत्पन्न’ हा शब्द घ्यावा. चिखली वा मेहकरचा शेतकरी ‘यंदा उत्पन्न कमी आले’ असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ पीक कमी आले असा असतो. ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ ह्या शासकीय नावातही ‘उत्पन्न’ म्हणजे माल. परंतु तहसील कार्यालयातील ‘उत्पन्नाचा दाखला’ आणि पाठ्यपुस्तकातील ‘राष्ट्रीय उत्पन्न’ ह्यांत तोच शब्द मिळकतीचा वाचक होतो. पीक घटले असता भाव चढून मिळकत टिकू शकते, आणि पीक वाढले असता भाव कोसळून मिळकत घटू शकते, हे शेतीच्या अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र होय. ज्या भाषेत दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे, तेथे अध्यापकाने पहिल्याच तासाला हा गुंता सोडविला नाही, तर कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातून आलेला मुलगा तीन वर्षे आपल्याच शेताविषयीचे विधान चुकीचे वाचीत राहील.

‘चलनवाढ’ ही संज्ञाही अशीच विचारार्ह आहे. मूळ इंग्रजी संज्ञेत आरंभी चलनाच्या फुगवट्याचा अर्थ होता. पुढे ती सर्वसाधारण भावपातळीच्या वाढीची वाचक झाली. मराठी संज्ञा मात्र जुन्या अर्थावर थांबली. त्यामुळे ‘चलनवाढीची कारणे’ असे लिहिणारा विद्यार्थी, चलन वाढल्यानेच भाव वाढतात हा एक विशिष्ट सिद्धान्त नकळत मान्य करून बसतो. ‘भाववाढ’ हा शब्द परिणाम सांगतो, ‘चलनवाढ’ कारण गृहीत धरतो, आणि ‘महागाई’ अनुभव व्यक्त करते. तीन शब्दांतील हा भेद वर्गात चर्चिला जातो काय, हा प्रश्न दोन विद्यापीठांची तुलना करताना कोणत्याही क्रमवारीपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

५. प्रश्नपत्रिकेची क्रियापदे

तिसरा आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका. माहितीपत्रक संस्था स्वतःविषयी काय म्हणते ते दाखविते. प्रश्नपत्रिका ती विद्यार्थ्याकडून काय मागते ते दाखविते. हे मागणे क्रियापदांत असते. ‘सांगा’, ‘विशद करा’, ‘स्पष्ट करा’, ‘टीपा लिहा’, ‘गुणदोष सांगा’ ही आपल्या परीक्षांची रूढ आज्ञार्थी रूपे होत. त्यांत ‘स्पष्ट करा’ हे सर्वाधिक फसवे आहे. त्याचा शब्दार्थ अंधुक गोष्ट उजेडात आणणे असा असला, तरी परीक्षेच्या रूढीत त्याचा अर्थ ‘पुस्तकातील परिच्छेद लिहा’ एवढाच उरला आहे. ‘मागणीचा नियम सांगून त्याचे अपवाद स्पष्ट करा’ ह्या प्रश्नास विद्यार्थ्याने स्वतः काहीही स्पष्ट करावयाचे नसते. ते पुस्तकात आधीच झालेले असते.

ह्याच्या जोडीला एक कल्पित प्रश्न ठेवून पाहावा : ‘एका बाजार समितीतील सोयाबीनची आठ आठवड्यांची आवक व भाव खाली दिले आहेत. आवक वाढूनही भाव का उतरला नाही, ह्याची दोन संभाव्य कारणे मांडा आणि दिलेले आकडे कोणत्या कारणाशी जुळतात ते ठरवा.’ येथे ‘मांडा’ व ‘ठरवा’ ही क्रियापदे विद्यार्थ्याला कर्ता करतात. पहिल्या प्रश्नातील क्रियापदे त्याला लेखनिक करतात. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन ‘मोजा’, ‘ताडून पाहा’, ‘मांडा’, ‘ठरवा’ अशी क्रियापदे किती व ‘सांगा’, ‘लिहा’, ‘विशद करा’ अशी किती, हे बारावी झालेला मुलगाही एका दुपारी मोजू शकेल. ज्या विद्यापीठात पहिल्या प्रकारची क्रियापदे अधिक, त्याचे पारडे जड समजावे.

ही अपेक्षा अवास्तव नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ ह्यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची जी पाहणी केली, ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. तालुक्यासारखे लहान क्षेत्र हाही शास्त्राचा विषय होऊ शकतो, हे त्या कामाने दाखविले. खामगावची कापसाची बाजारपेठ किंवा १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीचा जिल्ह्यातील इतिहास हे विषय पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. त्यासाठी प्रश्न विचारणारा तसा भेटावा लागतो.

६. अंतराचा मुद्दा

ह्या चिकित्सेवर एक रास्त आक्षेप येईल. निवड क्रियापदांवर होत नसते, ती रेल्वे आणि एस. टी. वर होते, असे कोणी म्हणेल. बुलढाण्यात हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घाटाखालचे शेगाव, नांदुरा, मलकापूर हे भाग मुंबई–हावडा लोहमार्गावर असल्याने त्यांना बडनेऱ्यामार्गे अमरावती सोयीची. घाटावरच्या सिंदखेड राजा व देऊळगाव राजाकडून जालन्यामार्गे छत्रपती संभाजीनगर सोयीचे. मुलींच्या बाबतीत तर वसतिगृहाची जागा हाच पुष्कळदा अखेरचा निकष ठरतो. शिवाय पदवीचे शिक्षण महाविद्यालयात होत असल्याने, घराजवळच्या महाविद्यालयात एखादा चांगला अध्यापक असणे हे दूरच्या विद्यापीठाच्या नावापेक्षा अधिक मोलाचे. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठ बदलता येते. स्थलांतर प्रमाणपत्राचा सोपस्कार तेवढा करावा लागतो.

हा आक्षेप वरील विवेचनाच्या विरुद्ध जात नाही. विशेषणे खोडून, संज्ञा तपासून व क्रियापदे मोजून पाहिल्यावरही जर दोन्ही पारडी समान राहिली, तर जवळचे व कमी खर्चाचे विद्यापीठ निवडावे. त्यात कमीपणा नाही. मात्र ही तपासणी न करता ‘नामांकित’ ह्या एका शब्दासाठी कुटुंबाने जमीन गहाण टाकणे, किंवा ‘आपलेच’ ह्या एका शब्दासाठी बरे अध्यापन सोडून देणे, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच अविचाराच्या होत. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात तीन वर्षे.

ह्यात विद्यार्थ्याइतकीच विद्यापीठीय विभागांचीही जबाबदारी आहे. अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिका व संज्ञा ह्यांचे भाषिक परीक्षण मराठी व भाषाविज्ञान विभागांनी अर्थशास्त्राच्या अध्यापकांसह हाती घ्यावयास हवे. पदव्युत्तर वर्गातील एका लघुप्रबंधाचा हा विषय सहज होऊ शकतो : दोन विद्यापीठे, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, व त्यांतील क्रियापदांची वर्गवारी. असे काम प्रसिद्ध झाले, तर प्रवेशाच्या काळात बुलढाण्यातील विद्यार्थ्याच्या हाती विशेषणांऐवजी काही प्रमाण येईल.