शोधानंतर सापडणारे अर्थ

मोरिस ब्युकाय या फ्रेंच डॉक्टरचं बायबल, कुराण आणि विज्ञान यांच्यावरचं पुस्तक १९७६ साली आलं. ते न वाचताही आपल्यापर्यंत पोहोचतं. 'चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय' म्हणणारी रील आठवा, मागे आकाशगंगा फिरत असते ती.

पुस्तकातला सगळ्यात रंजक भाग गर्भाचा. कुराणात गर्भाच्या एका अवस्थेला 'अलक' म्हटलंय. कित्येक भाषांतरांत त्याचा अर्थ 'रक्ताची गुठळी' असा दिलेला असतो. गर्भ कधीच गुठळी नसतो, म्हणून ब्युकाय तो अर्थ नाकारतो आणि 'चिकटून राहणारं' हा अर्थ घेतो. हा अर्थ अरबीत आहेच, ओढूनताणून आणलेला नाही. पण कुठला अर्थ घ्यायचा हे इथे वाक्याचा संदर्भ ठरवत नाही, विसाव्या शतकातलं वैद्यक ठरवतं.

गंमत म्हणजे चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न कय्यिमनं गर्भाविषयीच्या आयती हिप्पोक्रेटिसच्या वैद्यकाशी जुळवून दाखवल्या होत्या. तेव्हाही जुळल्या! पुढे ते वैद्यक मागे पडलं, आयती जागच्या जागी राहिल्या. मग या जुळण्यातून नेमकं सिद्ध काय होतं?

एक्कावन्नाव्या सूरेतल्या 'मूसिऊन' शब्दाचंही तेच. ब्युकायला त्यात प्रसरण पावणारं विश्व दिसतं. जुन्या भाष्यांत तिथे ईश्वराचं सामर्थ्य, त्याची विपुलता वाचलेली आढळते. हबलचा शोधनिबंध १९२९चा.

शिवाय तराजू दोन आहेत. बायबलमधले सृष्टीनिर्मितीचे सहा दिवस ब्युकाय चोवीस तासांचे धरतो आणि चूक काढतो. कुराणातले सहा दिवस मात्र दीर्घ कालखंड होतात. तो कारणं देतो, पण ती दर वेळी एकाच बाजूला झुकतात. (आपण फार हसू नये. २०१५ साली मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये वैदिक विमानांवर निबंध वाचला गेलाच.)

मला खटकतं ते वेगळंच. या वाचनात आयतीची लय, तिचा धाक, तिचं आर्जव काहीच उरत नाही. ती फक्त साक्षीला उभी असते. १९७९ साली नोबेलच्या मेजवानीत अब्दुस सलाम यांनी कुराणातली एक आयत ऐकवली. सृष्टीत खोट शोधायला गेलेली नजर थकून, दिपून परत येते, अशा आशयाची. जितकं खोल शोधावं तितका अचंबा वाढतो, अशी पुस्ती त्यांनी जोडली. आपला सिद्धान्त त्या आयतीत आधीच दडलेला होता, असं मात्र ते म्हणाले नाहीत.