खोल तेलविहिरींतील पंपरचना : एक चिकित्सा

तेलविहिरींच्या पंपांसंबंधीच्या मांडणीत कार्यक्षमतेच्या टक्केवारीला अवाजवी महत्त्व दिलेले आढळते. दांड्यांच्या पंपात हजारो फूट लांबीची दांड्यांची माळ ताणली जाते. त्यामुळे वरचा फेरा पूर्णपणे दट्ट्यापर्यंत पोहोचत नाही. नळकांड्यात वायू साचल्यास झडपा उघडतच नाहीत. बुडीत विद्युत् पंपाला दांड्या लागत नाहीत. मात्र वाळू, वायू व उष्णता त्यालाही मानवत नाहीत.

1974 मध्ये सापडलेल्या व 1976 पासून उत्पादन देणाऱ्या मुंबई हायमध्ये प्रामुख्याने गॅस-लिफ्ट पद्धती स्वीकारली गेली. दाबाखालील वायू तेलस्तंभ हलका करतो. तळाशी फिरणारा भागच नसतो. तिची ऊर्जा-कार्यक्षमता कमी, हा आक्षेप खरा आहे. परंतु समुद्रातील फलाटावर बिघडलेला पंप वर काढण्याचा खर्च या हिशेबात कोठे धरला जातो? गॅस-लिफ्टची झडप तारेने बदलता येते. दोन दुरुस्त्यांमधील कालावधी हा निकष रचनाकारांनी दुय्यम मानणे समर्थनीय नाही.

मुंबई हायचा वायू पेणशेजारच्या उरणला किनाऱ्यास लागतो. रोहा तालुक्यातील नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प त्यातील इथेन-प्रोपेनवरच उभा राहिला. मग हा वायू विहिरीत का दवडावा, अशी शंका संभवते. ती अनाठायी आहे. सोडलेला वायू तेलासह परत येतो. खर्ची पडते ती तो दाबण्याची ऊर्जा.