उरलेला अर्धा कोन

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारावर आइनस्टाइनचं पोस्टर होतं. विस्कटलेले केस, आणि खाली ते वाक्य, ज्ञानापेक्षा कल्पनाशक्ती महत्त्वाची अशा अर्थाचं. दाराच्या आत आम्ही जर्नल उतरवून काढायचो. मागच्या बॅचच्या जर्नलवरून, निष्कर्षासकट. व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले की व्याख्या घडाघडा म्हणून दाखवायच्या आणि सुटायचं. त्यामुळे पोस्टर आम्हाला पटकन पटलं. जर्नल म्हणजे ज्ञान असेल, तर जगातली कुठलीही गोष्ट त्याहून महत्त्वाची असणारच.

नोकरी लागल्यावर हेच वाक्य इंडक्शनच्या स्लाइडवर भेटलं, आणि पहिल्या प्रमोशनच्या वेळी टीममधल्या मंडळींनी मला वॉल्टर आयझॅक्सनचं ‘आइनस्टाइन: हिज लाइफ अँड युनिव्हर्स’ भेट दिलं. आयझॅक्सनची चरित्रं आमच्या क्षेत्रात एकमेकांना द्यायची पुस्तकं आहेत. बेंजामिन फ्रँकलिन, आइनस्टाइन, स्टीव्ह जॉब्स, लिओनार्दो, मस्क अशी त्यांची रांगच आहे. लेखक स्वतः ‘टाइम’चा संपादक होता, सीएनएनचा प्रमुख होता. कुठली गोष्ट कुणाला सांगायची हे त्याला नेमकं कळतं. २००७ साली आलेलं हे पुस्तक मी तेव्हा दोन शनिवार-रविवारात संपवलं आणि भारावून गेले. गेल्या वर्षी पुन्हा वाचलं, आणि या खेपेला पुस्तकाशी भांडण झालं. ते का झालं, ते सांगते.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं: आइनस्टाइन मोठा झाला तो इतरांपेक्षा जास्त माहीत होतं म्हणून नव्हे, तो चित्रांमध्ये विचार करायचा, अधिकारी माणसांचं मुकाट्यानं ऐकायचा नाही, आणि सगळ्यांनी गृहीत धरलेलं नाकारायची त्याच्यात धमक होती. हीच सर्जनशीलतेची किल्ली. चार वर्षांनी आलेल्या जॉब्सच्या चरित्राचा शेवटही याच सुरात आहे: जॉब्स असामान्य बुद्धिमान नव्हता, पण त्याच्या कल्पनेच्या उड्या असामान्य होत्या. दोन इतक्या वेगळ्या माणसांना एकच माप बसतं, तेव्हा माप शिंप्यानं घरूनच आणलं असावं अशी शंका येते.

आयझॅक्सन तथ्यं लपवत नाही, हे आधीच मान्य करायला हवं. आइनस्टाइन गणितात नापास झाला होता ही भाकडकथा तो स्वतःच खोडून काढतो. पंधरा वर्षांचा होण्याआधी पोरानं कॅल्क्युलस पचवलं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तकातला ऐवज एक सांगतो आणि पुस्तकाची चौकट दुसरंच सांगते. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा सामान्य सापेक्षतेच्या भागात आहे.

१९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत असताना आइनस्टाइनच्या मनात आलं, की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणार नाही. म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांच्यात तिथल्या तिथे फरक करता येत नाही. पोस्टरवर ज्या कल्पनाशक्तीचं कौतुक असतं, तिचं याहून शुद्ध उदाहरण सापडणं अवघड. यासाठी ना प्रयोगशाळा लागली, ना अवघड गणित. यातूनच निघालं, की प्रकाशाचा किरणही सूर्याजवळून जाताना वाकायला हवा. किती? १९११ साली प्राग इथे असताना त्यानं आकडा काढला: ०.८३ आर्कसेकंद. एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग.

हा आकडा चूक होता. बरोबर उत्तर साधारण दुप्पट आहे, सुमारे १.७५.

चूक कुठे झाली हे समजून घेण्यासारखं आहे. पडणाऱ्या माणसाच्या कल्पनेतून फक्त वेळेच्या बाबतीतला परिणाम मिळतो, म्हणजे सूर्याजवळ घड्याळं हळू चालतात तो. सूर्याजवळ अवकाशही वक्र असतं, आणि किरणाच्या वाकण्याचा उरलेला अर्धा भाग तिथून येतो. तो अर्धा भाग डोळे मिटून, छपराकडे बघून दिसत नाही. त्यासाठी वक्र अवकाशाची भूमिती यावी लागते. ती रीमननं १८५४ साली मांडली होती, आणि पुढे रिची व लेव्ही-चिव्हिटा या इटालियन गणितज्ञांनी तिची अवजारं घडवली होती. आइनस्टाइनला ती येत नव्हती. विद्यार्थी असताना झुरिकला त्यानं गणिताचे तास बुडवले होते, त्यात मिंकोवस्कीचेही होते. १९०८ साली याच मिंकोवस्कीनं त्याच्या विशिष्ट सापेक्षतेला चार मितींच्या भूमितीचं रूप दिलं, तेव्हाही त्याला ते आधी उगाचचं पांडित्य वाटलं होतं.

इथे नशीब आडवं आलं, त्याच्या बाजूनं. २१ ऑगस्ट १९१४च्या खग्रास ग्रहणात हे वाकणं मोजायला एर्विन फ्रॉइंडलिश हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ क्रिमियात गेला होता. महायुद्ध सुरू झालं आणि रशियानं त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक केली. मोजमाप नीट झालं असतं तर आइनस्टाइनचा तेव्हाचा आकडा चूक ठरला असता. ही हकीकत आयझॅक्सन सांगतो, पण एका नाट्यमय प्रसंगासारखी सांगून पुढे जातो. मला मात्र पुस्तकाचा कणा इथेच मोडताना दिसतो.

कारण ते पोस्टरवरचं वाक्य आलं कुठून? २६ ऑक्टोबर १९२९च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मधल्या, जॉर्ज सिल्व्हेस्टर व्हीरेकनं घेतलेल्या मुलाखतीतून. आणि संदर्भ? १९१९चं ग्रहण. आपला सिद्धांत त्या निरीक्षणांत बरोबर ठरणार याची आपल्याला आधीच खात्री होती, असं आइनस्टाइन सांगतो. मग मुलाखतकार विचारतो की म्हणजे तुमचा ज्ञानापेक्षा कल्पनेवर अधिक विश्वास आहे का. आणि त्याच्या उत्तरात ते वाक्य येतं. म्हणजे ज्या आकड्याचा अर्धा भाग कल्पनेतून आणि अर्धा कष्टानं शिकलेल्या भूमितीतून आला, त्याच आकड्याच्या विजयाबद्दल बोलताना कल्पना ज्ञानाहून मोठी ठरली. मुलाखतीत माणूस काहीही बोलतो, त्याबद्दल त्याला फासावर चढवू नये. पण चरित्रकारानं तरी आकडा तपासायला हवा होता.

उरलेला अर्धा कोन मिळवायला तीन वर्षं लागली. १९१२ साली आइनस्टाइन झुरिकला परतला आणि त्यानं मार्सेल ग्रॉसमनला मदतीची गळ घातली. ग्रॉसमन त्याचा वर्गमित्र. कॉलेजात हा तास बुडवायचा तेव्हा परीक्षेला त्याच्याच वह्या वापरायचा. आता तो तिथेच गणिताचा प्राध्यापक होता. त्यानं रीमनची भूमिती शोधून आणून मित्रापुढे ठेवली. त्या काळातली आइनस्टाइनची वही उपलब्ध आहे आणि जॉन नॉर्टन, युर्गन रेन वगैरे अभ्यासकांनी तिचा कसून अभ्यास केला आहे. वहीत जे आहे ते वाचून मी हादरले होते. १९१५च्या अंतिम समीकरणांच्या अगदी जवळ तो तेव्हाच पोहोचला होता. आणि त्यानं ती सोडून दिली.

का सोडली, याबद्दल मतभेद आहेत. एक महत्त्वाचं कारण असं सांगतात, की गुरुत्वाकर्षण क्षीण असेल तिथे अवकाश सपाटच असणार अशी त्याची समजूत होती. ती आली होती त्याच्या स्वतःच्या आधीच्या चित्रातून, ज्या चित्रानं अर्धा कोन दिला होता त्यातूनच. नवी समीकरणं त्या चित्रात बसेनात, म्हणून समीकरणं गेली. १९१३ साली दोघांनी वेगळी, सदोष समीकरणं प्रसिद्ध केली. मिकेले बेस्सो या मित्राबरोबर आइनस्टाइननं ती बुधाच्या कक्षेवर लावून पाहिली. शतकामागे ४३ आर्कसेकंदांचं कोडं सुटायला हवं होतं, उत्तर आलं १८. तरीही तो दोन वर्षं त्यांनाच धरून बसला. शेवटी नोव्हेंबर १९१५मध्ये चार आठवड्यांत चार निबंध. १८ तारखेला बुधाचे ४३, २५ तारखेला अंतिम समीकरणं.

कल्पनेला प्रश्न सुचतो, हे मला मान्यच आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ग्योटिंगेनला आइनस्टाइनची व्याख्यानं ऐकून डेव्हिड हिल्बर्टही त्याच समीकरणांच्या मागे लागला. हिल्बर्टचं गणित आइनस्टाइनपेक्षा कितीतरी वरचढ होतं. पण प्रश्न त्याला आयता मिळाला होता, आठ वर्षं छळणारा स्वतःचा नव्हता. एवढ्यापुरतं आयझॅक्सनचं बरोबर आहे. पण उत्तर हातात आल्यावर ते उत्तर आहे हे ओळखायचं कशानं? तिथे कल्पना उपयोगी पडली नाही. उलट जुन्या कल्पनेनंच आंधळं केलं.

हे मला इतकं लागलं त्याचं कारण घरगुती आहे. एका सिस्टीममध्ये एकाच वेळी एकाच प्रोसेसनं ग्राहकांना पैशांचे मेसेज पाठवावेत म्हणून मी एक लॉक बनवलं होतं. लॉक घेतलेली प्रोसेस मेली तर तीस सेकंदांत लॉक आपोआप सुटायचं. मला ते फार सुंदर वाटत होतं. कुठे वाचलेलं नव्हतं, माझं मीच सुचवलेलं होतं. पहिल्या खर्ड्यात मी प्रत्येक लॉकला चढता क्रमांक दिला होता. पुढे त्याचा काही उपयोग दिसेना, म्हणून कोड नीटनेटका करताना तो काढून टाकला. काही महिन्यांनी एक प्रोसेस मेमरी साफ करताना चाळीस सेकंद थिजली. तेवढ्यात लॉक दुसरीला गेलं. मग पहिली जागी झाली आणि लॉक अजून आपल्याकडेच आहे अशा समजुतीनं पाठवत सुटली. लोकांना दोन-दोनदा मेसेज गेले, रात्रभर फोन. सकाळी एका सीनियरनं डिझाइन पाहिलं आणि एवढंच विचारलं, “अगं, नंबर कुठाय याच्यात?” त्या चढत्या क्रमांकाला आमच्या शास्त्रात नाव आहे, फेन्सिंग टोकन. जुना क्रमांक घेऊन कुणी आलं की दारातूनच परत पाठवायचं. माहीत असणाऱ्याला ते एका नजरेत दिसतं. मी ते स्वतःच्या हातानं लिहून, स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

माझी तुलना कुणाशी करते आहे याचं भान आहे, हसू नका. चूक मात्र एकाच घराण्यातली आहे.

व्यावसायिक यशाबद्दलही पुस्तकाचा ऐवज चौकटीला जुमानत नाही. १९०० साली पदवी मिळाल्यावर आइनस्टाइननं सहायकाच्या नोकरीसाठी युरोपभर प्राध्यापकांना पत्रं लिहिली. कुणी दारात उभं केलं नाही. कल्पनाशक्ती तीच होती, ज्ञानही बऱ्यापैकी होतं. जून १९०२मध्ये पेटंट कचेरीत तृतीय श्रेणीच्या तंत्रज्ञाची नोकरी मिळाली, ती ग्रॉसमनच्या वडिलांनी तिथल्या संचालकाकडे, हालरकडे, शब्द टाकला म्हणून. आपल्याकडे याला ओळख लागणं म्हणतात. आयझॅक्सन ही गोष्ट चार ओळींत सांगतो आणि पुन्हा बंडखोरीकडे वळतो. दोन-दोन वर्षं रेझ्युमे पाठवत बसलेल्या माझ्या बॅचमेट्सना या चार ओळी बाकीच्या पुस्तकापेक्षा जास्त खऱ्या वाटतील.

उत्तरार्धात तर पुस्तकाला स्वतःच्याच सूत्राची अडचण होते. शेवटची तीस वर्षं आइनस्टाइन एकीकृत क्षेत्रसिद्धांताच्या मागे होता आणि हाती काही लागलं नाही. बंडखोर म्हातारपणी सनातनी झाला, असं आयझॅक्सनचं स्पष्टीकरण आहे. ते मला अपुरं वाटतं. गंमत म्हणजे १९१५पासून आइनस्टाइननं स्वतः जो धडा घेतला तो पोस्टरच्या अगदी उलटा होता: गणिताच्या सौंदर्यावर भिस्त ठेवावी. त्याची जिद्द आटली नव्हती, कल्पनाही आटली होती असं वाटत नाही. पण अणुकेंद्रातल्या बलांविषयी रोज नवं काही कळत होतं, तिकडे त्यानं पाठ फिरवली. त्याच्या एकीकरणात ती बलं नव्हतीच. तास पुन्हा बुडत होते, आणि या वेळी वह्या देणारं कुणी नव्हतं. सॅटर्डे इव्हनिंग पोस्टची मुलाखत छापली गेली त्याच्या दोन वर्षं आधी, १९२७ साली, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे ग्रॉसमननं झुरिकची प्राध्यापकी सोडली होती.

पुस्तक वाचू नका असं मी म्हणणार नाही. पत्रांमधून उभा राहणारा माणूस इतका जिवंत आहे, की तेवढ्यासाठीही ते वाचावं. आमच्या टीममध्ये नुकत्याच लागलेल्या एका मुलाला मी माझी प्रत दिली आहे. १९०७ ते १९१५चा भाग आधी वाच आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी, असं त्याला सांगितलंय. ०.८३च्या पानावर मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे.