प्रमाणपत्र आणि शिक्षण : डोर यांच्या सिद्धांताचे परीक्षण

रोनाल्ड डोर यांच्या ‘द डिप्लोमा डिसीज’ (१९७६) या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन असे : देश औद्योगिक विकासाच्या मार्गाला जितका उशिरा लागतो, तितका तेथे नोकरीसाठी प्रमाणपत्राचा आग्रह वाढतो आणि शिक्षण परीक्षेच्या अधीन होते. श्रीलंकेचे उदाहरण या मताला बळकटी देते. शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या पुढाकाराने तेथे १९४५ पासून प्राथमिक ते विद्यापीठीय शिक्षण विनामूल्य झाले. पदवीधर वाढले, नोकऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. १९७१ च्या उठावात सुशिक्षित ग्रामीण तरुणांचा मोठा भरणा होता.

तथापि, ग्रंथकारांची दृष्टी परीक्षा व नोकरी यांच्या नात्यावरच खिळलेली आहे. या हिशेबाने, नोकरी न मिळालेल्या मुलीचे शिक्षण व्यर्थच ठरेल. परंतु अल्प उत्पन्न असूनही श्रीलंकेतील मृत्युमान कमी का झाले, याचे विवेचन करताना जॉन कॉल्डवेल यांनी १९८६ मध्ये स्त्रीशिक्षणाला महत्त्वाचे स्थान दिले. या माता परीक्षेच्या ओझ्याखाली दबलेल्या त्याच शाळांतून शिकल्या होत्या.

परीक्षापद्धतीवरील डोर यांची टीका स्वीकारार्ह आहे. मात्र तिच्या आधारे शिक्षणाच्या विस्तारालाच दोष देणे सयुक्तिक नव्हे.