गिर्यारोहणाच्या वाङ्मयांतील 'आम्ही'

प्रवासवर्णनाची परीक्षा करतांना आपले टीकाकार बहुधा वर्णनशैली, निसर्गाची जाण आणि विनोद यांपलीकडे जात नाहींत. लेखक कोणत्या सर्वनामानें बोलतो हा प्रश्न त्यांना केवळ व्याकरणाचा वाटतो. आमच्या मतें तो नीतीचाहि आहे आणि कलेचाहि आहे. मित्रमंडळीनें मिळून केलेल्या डोंगरचढणीच्या वर्णनांत तो जितका उघडा पडतो, तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल. उदाहरणादाखल मॉरिशस बेटांतील एका चढणीचें इंग्रजी वर्णन घेऊं.

पोर्ट लुई शहराच्या मागें ज्वालामुखींतून निर्माण झालेल्या डोंगरांची जी रांग आहे, तिच्यांत पीटर बोथ नांवाचें शिखर आहे. उंची सुमारें ८२० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मीच. परंतु त्याचा माथा विलक्षण आहे. उभा सुळका, त्यावर निमुळती मान, आणि त्या मानेवर तिच्याहून रुंद असा प्रचंड धोंडा. ७ सप्टेंबर १८३२ रोजीं बेटाचा मोजणी-अधिकारी कॅप्टन लॉइड, लेफ्टनंट टेलर आणि त्यांचे दोन स्नेही अधिकारी शिड्या व दोर घेऊन या धोंड्यावर चढले. टेलरनें पत्ररूपानें लिहिलेली ती हकीकत लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकांत १८३३ मध्यें प्रसिद्ध झाली.

वर्णन म्हणून ही हकीकत उत्तम आहे. तिच्यांत अलंकारांचा सोस नाहीं. शिडी कोठें टेकली, दोर कसा पार गेला, पाय कोठें ठेवावा लागला, हें लेखक इतक्या नेटकेपणानें सांगतो कीं वाचकाच्याच तळपायांना मुंग्या येतात. शेवटीं माथ्यावर झेंडा फडकतो, आणि चौघांची ती रात्र डोंगरावरच जाते. सोबत्यांमधील स्नेह व खेळकरपणा ओळीओळींतून जाणवतो.

तथापि त्या कथेचा खरा कळीचा क्षण या चौघांचा नाहींच. शिडी जेथें संपते, तेथून पुढें कंबरेला बारीक दोरी बांधून लॉइडच्या चाकरींतील एक काळा माणूस कड्याला भिडतो आणि मानेपर्यंत पोंचतो. मग त्या दोरीच्या आधारानें जाड दोर वर जातो आणि दोरामागून साहेब जातात. बरोबर ओझीं वाहणारे इतर काळे चाकर होते, तसेच हिंदी शिपाईहि होते. यांपैकीं एकाचेंहि नांव आपल्याला मिळत नाहीं. बेटावर त्या वेळीं गुलामगिरी चालू होती. ती १ फेब्रुवारी १८३५ रोजीं कायद्यानें संपली.

इंग्रजी 'वी' हें सर्वनाम मोठें सोयीचें आहे. सामानासह निघालेल्या साऱ्या तांड्याला तें पुरतें आणि शिखरावर जयघोष करणाऱ्या चौघांनाहि पुरतें. मराठींत ही सोय नाहीं. ऐकणाराला धरून बोलावयाचें तर 'आपण', त्याला वगळून बोलावयाचें तर 'आम्ही'. आतां अशी कल्पना करा कीं, ही हकीकत त्या दोरी बांधलेल्या माणसाला समोर बसवून मराठींत सांगावयाची आहे. निवेदकानें 'आम्ही चढलों' म्हटलें तर तो माणूस केवळ श्रोता ठरतो. 'आपण चढलों' म्हटलें तरच तो सोबती ठरतो. चढणीच्या कोणत्याहि वर्णनाला ही कसोटी लावून पाहावी.

कोणी म्हणेल, १८३२ मधील लष्करी माणसाला आजच्या मापानें मोजणें अन्याय्य आहे. परंतु आमचा आक्षेप त्याच्या काळावर नसून कथनावर आहे. ज्या माणसानें आपण केवळ श्वास रोखून पाहिला, तो उतरून कोठें गेला, त्याला रात्रीं काय वाटलें, हें न कळल्यानें कथेंतील ताण मध्येंच सुटतो. नायक हरवला कीं शिखर चढूनहि कथा अपुरीच राहते.

चार वर्षांनीं, मे १८३६ मध्यें, चार्ल्स डार्विन याच रांगेतील ल पूस या अंगठ्यासारख्या शिखरावर चढला आणि पुढें याच लॉइडचा पाहुणा झाला. त्याच्या चढणीच्या वर्णनांत थरार नाहीं. माथ्यावरून त्याला शेतें व घरें दिसतात. मात्र बेटावर सार्वजनिक कामांना जुंपलेल्या सुमारें ८०० हिंदी कैद्यांकडे तो थांबून पाहतो, आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांनीं चकित होतो. नांवें त्यालाहि ठाऊक नाहींत. परंतु त्याची दृष्टि त्यांच्यावरून घसरून जात नाहीं, हा फरक लहान नव्हे.

बेटावरील लोककथा याच शिखराविषयीं निराळें सांगते. पऱ्यांचा नाच पाहिलेला एक गवळी तें गुपित उघड करतो आणि शिळा होऊन तेथेंच उभा राहतो. साहेबांना जिंकावयाचा धोंडा दिसला, लोकांना आपल्यांतलाच एक कष्टकरी दिसला. १८३४ नंतर मजुरीसाठीं जीं हिंदी माणसें तेथें गेलीं, त्यांत मराठी बोलणारीं कुटुंबेंहि होतीं. त्यांच्या वंशजांना तें शिखर आपल्याच मुलुखाचें आहे.

आपल्याकडेहि सह्याद्रीच्या चढणींवर आज पुष्कळ लिहिलें जातें. 'आम्ही चौघे' त्यांत ठळक असतात. वाट दाखवणारा पायथ्याच्या वाडींतला माणूस 'वाटाड्या' एवढ्याच नांवानें येतो व जातो. त्याचें नांव लिहिण्यास एक शब्द पुरतो. तो शब्द ज्या वर्णनांत सांपडेल, त्याला आम्ही शैलीचे चार दोष माफ करूं.