जोड-इमारतींची परीक्षा

किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर 'भूकंपरोधक' हा शब्द मराठवाड्यात, जालन्यातही, सहज वापरला जातो. त्यामागचा पुरावा मात्र तपासायला हवा.

पायाविलगीकरणात पाया व इमारत यांच्यामध्ये रबर-पोलादाच्या थरांचे, शिशाच्या गाभ्याचे आधार बसवतात. जमीन हादरली की आधार आडवे सरकतात, इमारतीचा दोलनकाल वाढतो आणि वर पोहोचणारे हिसके घटतात.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने गुवाहाटीच्या आयआयटीत दोन सारख्या तीनमजली इमारती उभारल्या: एक अशा आधारांवर, दुसरी नेहमीच्या पायावर. तुलनेसाठी दुसरी ठेवली, हेच या प्रयोगाचे बळ. खऱ्या भूकंपांत पहिलीला हिसके कमी बसले. पण हा निष्कर्ष तेथे आलेल्या धक्क्यांपुरताच. जपानच्या ई-डिफेन्स कंपनमंचावर २०११ साली पाचमजली इमारत हलवली, तेव्हा आडवे हिसके घटले. उभ्या हिसक्यांनी आतील छतांचे नुकसान केलेच.

शिवाय किल्लारीत माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली गाडली गेली. तेथे आधी हवेत भिंतीतून आरपार जाणारे दगड आणि भिंतींना सभोवार बांधणारे काँक्रीटचे पट्टे.

म्हणून वर्गात विचारावे: कोणत्या घरावर, केवढ्या धक्क्यात तपासले?