‘मी’पासून ‘आम्ही’पर्यंत : मराठीतील समलिंगी प्रेमकथांची भाषा

लोहगडाच्या पायथ्याशी, आमच्या लोहगडवाडीत, ‘जोडीदार’ हा शब्द आम्ही लहानपणी सर्रास वापरीत असू. गुरांमागे बरोबर जाणारा, मळवली स्टेशनाची वाट सोबतीने उतरणारा, तो जोडीदार. विवाहविषयक जाहिरातींत हाच शब्द पती किंवा पत्नी या अर्थी येतो. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या प्रेमकथांना मराठीत या दोन अर्थांमधल्या अंतरातच जागा शोधावी लागली आहे. ‘समलिंगी’ हा शब्द वर्ग सांगतो, नाते सांगत नाही. अलीकडचा ‘क्वीअर’ हा शब्द स्वतःची ओळख सांगण्यास उपयोगी पडतो. परंतु प्रिय व्यक्तीला हाक मारण्यास तोही अपुराच आहे.

येथे मराठीच्या एका विशेषाकडे लक्ष वेधावेसे वाटते. प्रमाण मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ असे म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. ‘मी त्यांना पाहिले’ या भावे प्रयोगात मात्र ते झाकलेले राहते. ‘माझे त्यांच्यावर प्रेम आहे’ या वाक्यातून तर प्रेम करणाऱ्याचे आणि ज्यावर प्रेम आहे त्याचे, दोहोंचेही लिंग कळत नाही. आदरार्थी बहुवचन हा केवळ शिष्टाचार नव्हे, तो आडोसाही होऊ शकतो. प्रेमकथेत हा आडोसा केव्हा घेतला जातो आणि केव्हा टाकला जातो, हे पाहिल्यास ती कथा कोणाच्या अधिकाराने सांगितली जात आहे ते ध्यानात येते. या दृष्टीने तीन कलाकृतींचा येथे विचार करावयाचा आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 मध्ये रंगभूमीवर आले. त्यात मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. शीर्षक प्रथम वाचणाऱ्यास ही एखाद्या पुरुष मित्राची हकीकत वाटावी, कारण ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूपही ‘मित्रा’ असेच होते. वस्तुतः मित्रा म्हणजे सुमित्रा. नमा या मुलीवर प्रेम करणारी तरुणी. शीर्षकातील ही संदिग्धता नाटकाच्या आशयाशी सुसंगत आहे. परंतु गोष्ट सांगतो तो बापू. तो तिचा खरा स्नेही आहे. तरीही त्याच्या निवेदनात ती ‘ती’च राहते आणि शेवटी आत्मनाश पत्करते. नाटकातील सहानुभूती अस्सल आहे, याविषयी शंका नाही. मात्र नायिकेच्या मृत्यूमुळे प्रेक्षकाला हळहळून घरी जाण्याची मोकळीक मिळते. तिच्यासह जगावे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे उरत नाही.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) या कादंबरीत निवेदनाचा अधिकार बदलतो. पुण्यातील एका घरातील तनय आणि अनुजा ही भावंडे एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडतात. तनय स्वतः बोलतो आणि त्या तरुणाला ‘तू’ म्हणून संबोधतो. मराठीत ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत भेद असल्यामुळे येथे आडोसा शिल्लक राहत नाही. जेरी पिंटो यांच्या 2013 मधील इंग्रजी अनुवादाला क्रियापदाची ही साक्ष मिळणे शक्य नव्हते. तेथील ‘तू’ला लिंगच नाही. तथापि, भाडेकरूला कादंबरीत नाव दिलेले नाही, आणि तो निघूनही जातो. ‘मी’ सिद्ध झाला, ‘तू’ मात्र हाती लागला नाही.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला 2025 च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेतकरी बाल्या यांची ही कथा. येथे मृत्यू आरंभी आहे, आणि त्याच्या सावलीत प्रेम वाढते. शीर्षकासाठी निवडुंगाच्या फळाचे ग्रामीण नाव घेतले आहे, हेही लक्षणीय आहे. हे प्रेम शहरातून आयात झालेले आहे, या समजाला गावच्या बोलीनेच येथे उत्तर दिले आहे. ओळखीची घोषणा न करता दोघे एकमेकांच्या सोबतीला राहतात. बालपणीचा सोबती हाच प्रियकर होतो. ‘जोडीदार’ शब्दाचे दोन्ही अर्थ येथे प्रथमच एकत्र नांदताना दिसतात.

साहित्याचे मूल्य सर्वनामांवर ठरवू नये, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य आहे. तिन्हींमध्ये नाट्यदृष्ट्या सर्वांत बांधेसूद कृती कदाचित तेंडुलकरांचीच ठरेल. पण हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी मात्र अशा जोडप्यांच्या विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. ‘मी’ला कायद्यात जागा मिळाली, ‘आम्ही’ अजून दाराबाहेर उभे आहेत.

आणि आपल्या वर्गांतही असे विद्यार्थी असतात, ज्यांना सुटीत कोणाबरोबर गेलो होतो एवढे सांगतानाही ‘त्यांच्याबरोबर’ म्हणावे लागते. या कृती अभ्यासक्रमात केवळ ‘समस्याप्रधान’ या सदराखाली शिकविल्यास त्या विद्यार्थ्यांचा आडोसा आपणच पक्का करू. त्या प्रेमकथा म्हणून शिकविणे हेच न्यायाचे होईल. ‘आम्ही गेलो’ या वाक्यात, स्त्रिया असोत वा पुरुष, क्रियापदाचे रूप एकच राहते. मराठीने ही सोय कोणालाही नाकारलेली नाही.